सर्वांत हळू तो पुढे

रविवार, ११ जानेवारी १९८७

आज सायकलवरून पडले नाही. आजचे यश एवढेच.

सकाळी शाळेमागच्या मैदानावर सराव. वरच्या मजल्यावरची सुलभा, शेजारच्या इमारतीतला मिलिंद, त्याच्या कारखान्यातला प्रकाश आणि मी. मिलिंदने कुठल्याशा परदेशी मासिकात डोंगर उतरणाऱ्या सायकलींचे छायाचित्र पाहिले, तेव्हापासून त्याला दुसरे काही सुचत नाही. तिकडच्या त्या सायकलींना म्हणे गिअर असतात. आपल्याकडे तसले काही मिळत नाही, म्हणून त्याने स्वतःच्या सायकलीचे मडगार्ड, स्टँड, कॅरिअर सारे उतरवून ठेवले आहे आणि मागे दूधवाल्यांच्या सायकलीला असतो तसला जाड टायर बसवला आहे. २५ तारखेला ठाण्यामार्गे येऊरचा डोंगर चढायचा आणि पलीकडच्या पायवाटेने मुलुंड कॉलनीच्या मागे उतरायचे, असे ठरले. म्हणजे त्या तिघांचे ठरले. मी "बघू" म्हटले. माझ्या "बघू"चा अर्थ सु. शिशुवर्गापासून "हो" असाच लावत आली आहे.

मिलिंदचा नियम: सर्वांत हळू असेल तो पुढे. "मागे राहिलेला हरवतो. पुढचा हरवत नाही." सर्वांत हळू कोण, याची परीक्षा घेण्याची गरज कोणालाच भासली नाही.

"अरे मेरिट, इथेपण पहिला नंबर तुझाच!" प्रकाश म्हणाला. दहावीच्या गुणवत्ता यादीत नाव आले त्याला चौथे वर्ष लागले, तरी हा मनुष्य मला नावाने हाक मारीत नाही.

सर्वांच्या पुढे म्हणजे सर्वांच्या दृष्टीसमोर. वर्गात पहिल्या बाकावर बसताना पाठ अशी जाणवत नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन वर गेले. सु. मैदानावर गेली होती. काकू लाडू वळीत होत्या. मला पाहून त्यांनी स्टोव्ह बारीक केला, तेव्हाच ओळखले की काही बोलायचे आहे.

"ह्या डोंगराचा खूळ माका पसंत नाय," म्हणाल्या. "पण ती ऐकूची नाय. तू आसस म्हणान धाडतंय. तू शाणी. होती तशी परत घेवन ये तिका."

८ फेब्रुवारीला एका बँकेच्या महिला कबड्डी संघाची निवड चाचणी आहे. निवडली गेली तर खेळाडू म्हणून नोकरी. काकांची गिरणी संपापासून बंद, काकू मसाले करून देतात, सु. बारावीच्या इंग्रजीत दोनदा अडकली. त्या घराचे जे काही व्हायचे आहे ते आता सु.च्या दोन पायांवर आहे. हे काकू बोलल्या नाहीत. लाडू माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी मूठ मिटली, एवढेच.

मी "हो" म्हटले. या वेळी "बघू" म्हणण्याचे धैर्य झाले नाही.

भीती: काल मध्यम, आज चढती.

रविवार, १८ जानेवारी

कॉलनीमागच्या टेकाडावर सराव. चढ सायकल ढकलीत, उतार बसून.

एक गोष्ट येथेच लिहिते, अन्यत्र बोलणार नाही. उतारावर प्रथमच दोन्ही ब्रेक सोडले तेव्हा पोटात खड्डा पडला, आणि तो खड्डा मला आवडला.

मिलिंदचा दुसरा नियम: पुढच्याने ब्रेक दाबण्यापूर्वी ओरडायचे, "थांबतेय!" आणि मगच दाबायचा. अरुंद वाटेवर मागच्यांना वाट दिसत नाही, पुढच्याची पाठच दिसते. हा नियम मला पटला. पाळता मात्र आला नाही. माझा आवाज वाचनालयात पुस्तकाची मुदत वाढवून मागावी तसा निघाला.

प्रकाश: "ही 'कृपया थांबण्याचे करावे' म्हणेपर्यंत आपण सगळे दरीत!"

सु. म्हणाली, "गळ्यातून नको गं, बेंबीतून काढ. असं." कमरेवर हात ठेवून तिने असा आवाज दिला की पायथ्याच्या झोपड्यांतली कुत्री उठून बसली. मग मी. पुन्हा मी. पुन्हा. शेवटी मिलिंद "जमेल" म्हणाला. न जमणाऱ्याला म्हणतात तसे.

घरी मोरीत नळ पूर्ण सोडून पाहिले. आईने बाहेरून विचारले, "कुणाशी बोलतेस?"

गुरुवार, २२ जानेवारी

सु.ला गच्चीवर गाठले. सर्व मुद्दे मनात मांडून गेले होते.

"८ तारखेनंतर जाऊ या ना."

"८ तारखेनंतर मी नोकरीवाली बाई. रविवारी बारापर्यंत झोपणार."

"आणि पडलीस तर?"

"मैदानावर रोज पडते. पडायचं कसं हे मला शिकवू नकोस हां."

मग तिने कठड्यावर हनुवटी टेकली. "घरात बसले ना, की ती चाचणीच डोक्यात येते. भात उतरत नाही घशाखाली. आई ताटात बघते, मी आईकडे बघते. तुला काय वाटतं, भीती फक्त तुलाच वाटते होय?"

मला तसेच वाटत होते. इतकी वर्षे.

मुद्दे तसेच परत आणले.

शनिवार, २४ जानेवारी

सायंकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून दोन सायकली भाड्याने आणल्या. सु.ला दांडा असलेली, मला लेडीज, मागे कॅरिअरवाली. माझे ब्रेक मी दुकानापासून घरापर्यंत इतक्या वेळा दाबून पाहिले की सु. म्हणाली, "झिजतील आत्ताच."

आईची अट: पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून. बाबांनी वर्तमानपत्र खाली केले आणि म्हणाले, "चष्म्याला दोरी बांध." त्यांची संमती ती हीच.

भीती: नोंद करण्यापलीकडे.

रविवार, २५ जानेवारी

सायंकाळ.

क्रमाने लिहिते, म्हणजे कदाचित समजेल.

पहाटे निघालो. ठाण्यापर्यंत काही नाही. येऊरचा घाट बहुतेक पायीच चढलो. प्रकाश अखंड बोलत होता. वर पठारावर ऊन कोवळे, सागाची पाने गळून वाटभर पसरलेली, चाकाखाली पापड मोडावेत तशी मोडत होती. काकूंनी दिलेल्या आंबोळ्या खाल्ल्या. मोळ्या घेऊन चाललेल्या बाया थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, "सडक सोडून इकडून कुठं गो बायांनो?" प्रकाश म्हणाला, "मावशी, तुमची मोळी सायकलवर टाका, आम्हाला तेवढंच काम!" ती अशी हसली की मोळी हलू लागली. त्या वेळी मी आनंदात होते. हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण उद्या मला ते खरे वाटणार नाही.

मग उतार. मी पुढे, माझ्यामागे सु., मग प्रकाश, शेवटी मिलिंद.

वाट बैलगाडीच्या एका चाकाएवढी. एका बाजूस चढती दरड, दुसऱ्या बाजूस झुडपे आणि खाली उतरण. सुटे दगड. प्रारंभी मी फार हळू होते. मागून सु. "चल ना गं बाई, चल ना" म्हणत होती, पण रागाने नाही. मग जमू लागले. मला वाटते मी वेगही वाढवला.

वळणानंतर वाट एकाएकी नव्हतीच. पावसाळ्यातल्या पाण्याने आडवी कापून नेलेली, गुडघाभर खोल घळ. मला ती स्वच्छ दिसली. "थांबतेय" हा शब्द तोंडात तयार होता. हात शब्दापेक्षा लवकर धावले. दोन्ही ब्रेक दाबले गेले, सायकल जागीच थांबली, आणि शब्द तोंडातच राहिला.

मागे चाकांचा घसरण्याचा आवाज. मग पत्र्याचा. मग कसलाच नाही.

सु.ने माझ्यावर आदळू नये म्हणून सायकल दरडीवर घातली होती. ती माझ्यावर आदळली असती तर तिला फारसे लागले नसते. मला लागले असते. तिच्याजवळ निर्णयाला जेवढा वेळ होता त्यात तिने हे ठरवले.

उजवा गुडघा. रक्त थोडे, सूज पाहता पाहता. ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून "काही नाही, काही नाही" म्हणत राहिली, आणि चेहरा राखेसारखा.

प्रकाश माझ्याकडे वळला. "ओरडायचं ना गं, वसू." हळू म्हणाला. आज प्रथमच नावाने.

कॅरिअर एकट्या माझ्या सायकलीला होते. तिला त्यावर बसवले. मिलिंदने हँडल धरले, प्रकाशने मागून तिला सावरले आणि दोघांनी तिला तशीच पूर्ण वाट उतरवले. मी मिलिंदची आणि सु.ची, अशा दोन सायकली एक एक करून आणीत होते. प्रकाशची मागाहून दोघे जाऊन घेऊन आले. वाटेत सु. म्हणाली, "माझंच चुकलं. फार चिकटून होते." कोणी काही बोलले नाही. मीही नाही. त्याही वेळी नाही.

सोमवार, २६ जानेवारी

सोसायटीत झेंडावंदन. सु. वरच्या गॅलरीत खुर्चीवर, पाय स्टुलावर. मला पाहून तिने हात हलवला.

दवाखाना बंद. काकू हळद आणि आंबेहळद उगाळून लावीत आहेत. झेंडावंदनानंतर त्यांनी मला जिन्यात थांबवले. मला वाटले, आता विचारतील.

"तू होतंस म्हणान एवढ्यार निभावला गो," म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला हळद होती. गाल धुतला, तरी आरशात पिवळे दिसत होते.

मंगळवार, २७ जानेवारी

सु.ला घेऊन डॉक्टरांकडे. काकू मसाल्याच्या गिऱ्हाइकाकडे गेल्या होत्या. सु.ने मुद्दाम हीच वेळ निवडली.

डॉक्टरांनी गुडघा इकडून तिकडून हलवून पाहिला. हाड शाबूत. आतला अस्थिबंध ताणला आहे. तीन आठवडे पळणे, उडी, बैठक काही नाही. "तुटला नाही हे नशीब. आता यावर खेळलीस तर तुटेल, आणि तुटला की कबड्डी विसर."

"तुटेलच, की तुटू शकेल?" सु.ने विचारले.

"मी ज्योतिषी नाही, बाळ."

चाचणीला दोन आठवडेसुद्धा नाहीत.

बाहेर आल्यावर: "आईला मुका मार सांगायचं. एका आठवड्यात बरा."

"सु., अगं..."

"वसू, तू काही बोलायचंच नाहीस. ते तर तुला येतं."

ती टोचून बोलली नाही. सहज बोलली. म्हणूनच अजून ऐकू येते आहे.

शुक्रवार, ३० जानेवारी

अभ्यास शून्य. पान उघडते, शीर्षक वाचते, मिटते.

सु.ने आज गुडघ्याला पट्टा बांधून गच्चीवर चालून पाहिले. मी जिन्याच्या तोंडाशी पहारा. काकूंची चाहूल लागली की खोकायचे ठरले होते.

सर्व बाजूंनी विचार करून पाहिला. काकूंना सांगितले, तर त्या खेळू देणार नाहीत आणि चाचणी जाईल. पुढची केव्हा, कोणालाच ठाऊक नाही. नाही सांगितले आणि गुडघा गेला, तर तो जन्माचा. प्रमेय असते तर एका बाजूने तरी सुटले असते.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मिलिंद घरी आला. आईने चहा केला. तो कपाच्या कानाकडे पाहत होता.

"नियम माझा होता," म्हणाला. "चढावर हळू माणूस पुढे, ते ठीक. उतारावर उलटं हवं होतं. रात्रभर आकृत्या काढल्या. उतारावर हळू माणूस पुढे ठेवला, की मागचा सारखा त्याच्या अंगावर येणारच. मला आधी कळायला पाहिजे होतं."

तो मला मोकळी करण्यासाठी आला होता. चांगला मुलगा आहे. परंतु नियम चुकीचा असला, तरी दुसरा नियम होताच, आणि तो नेमका याचसाठी होता.

"मी ओरडले नाही," मी म्हटले.

"तू घाबरलीस."

"हो. पण ओरडले नाही."

आई पडद्याआड होती. तिने ऐकले असावे. रात्री जेवताना मला भात अधिक वाढला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सूज उतरली आहे. सु. बैठक मारू शकते. उठताना मात्र तोंडातून "स्स" निघते, आणि ते दडवण्यासाठी ती लगेच काहीतरी गुणगुणू लागते.

काकूंनी चाचणीसाठी नवी ट्रॅक पँट आणली आहे. हप्त्याने. घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवली आहे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सायंकाळी सु. आमच्याकडे आली. आई-बाबा बाहेर गेले होते. ती जमिनीवर पाय लांब करून बसली आणि गुडघ्यावर हात फिरवीत राहिली, जणू ते दुसऱ्याचे मूल असावे.

"मला आता कळेनासं झालंय," म्हणाली. "दुखतंय, की दुखेल म्हणून दुखतंय. आज सकाळी वाटलं एकदम झकास. दुपारी वाटलं, वाट लागली. उद्या मी जिना उतरते. नुसता. तू तुमच्या दारात उभी राहा. मी पाय ओढला तर सांग, मी वर जाऊन आईला सगळं खरं सांगते. नाही ओढला तर स्टेशन."

"मीच का?"

"तू खोटं बोलत नाहीस."

"काकूंशी तेच चाललंय माझं."

"ते न बोलणं. ते वेगळं."

"आणि मीच तुला पाडलं."

तिने वर पाहिले. तेरा दिवसांत हे आम्हा दोघींमध्ये प्रथमच उच्चारले गेले.

"हो," ती म्हणाली. "पाडलंस. म्हणून तर तुलाच विचारतेय. दुसरं कुणी माझ्यावर दया करेल. तू माझ्यावर दया करायला घाबरशील."

मग नेहमीसारखी: "आणि लांबण लावायची नाही. पेपर नाही लिहायचाय. 'एकीकडे पाहता, दुसरीकडे पाहता' नको. जा, नाहीतर थांब. एक शब्द."

जाताना भिंतीला धरून उठली. ते मी पाहिले. ते उद्याच्या हिशेबात धरायचे की नाही, ते तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळ. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. दोन केळी, पाणी, ग्लुकोज, पट्टा. जायचे नसेल तर हे सर्व परत कपाटात.

झोपेबद्दल लिहीत नाही.

मला एका गोष्टीची सर्वांत जास्त भीती वाटते. तिच्या पायाची नाही, माझ्या नजरेची. तिची निवड झाली तर माझ्यावरचे ओझे उतरेल. म्हणून मला पाय सरळच दिसेल. किंवा उलट. गुडघा तुटला तर तो दुसऱ्यांदा माझ्या हातून तुटेल, म्हणून नसलेले लंगडणेही दिसेल. दोन्हीकडे मी माझाच विचार करीत आहे. तिने चुकीचा परीक्षक निवडला.

ती चेहऱ्याने सांभाळून घेईल. गुणगुणतच येईल. म्हणून ठरवले आहे: पाहायचे नाही. दार उघडून जिन्याकडे पाठ करून उभी राहीन आणि केवळ ऐकेन. या जिन्यावरून तिला मी जन्मभर उतरताना ऐकले आहे. चप्पल घासत, शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून. तिचे चालणे मला तिच्या अक्षरापेक्षा चांगले ओळखता येते. ऐकून जे कळेल तेच सांगायचे. मोठ्याने. पुन्हा विचारण्याची वेळ तिच्यावर येऊ द्यायची नाही.

बाबा उठले. "एवढ्या सकाळी?" म्हणाले. मी म्हटले, "सु.ची चाचणी." त्यांनी माझ्याकडे आणि पिशवीकडे पाहिले, आणि दाराची कडी स्वतः काढून ठेवली.

वर हालचाल आहे. काकू काहीतरी बोलल्या, शब्द लागले नाहीत. देव्हाऱ्यातली घंटा. आता दार. काकूंचा आवाज जिन्यात उतरून आला, "सावकाश गो."

पहिली पायरी वाजली. लेखणी ठेवते.